मान्य नाही म्हणायला अमरावतीला गेले

आधी कविताताईंचं नाव. मग त्यांच्या आईचं, जिला घरातले आणि गल्लीतले सगळे माय म्हणतात. मग फरहीन आणि मयूर. ही माणसं नसती तर मी बडनेरा स्टेशनावरूनच परत फिरले असते आणि पुढचं काही सांगायला राहिलंच नसतं. कविताताईंनी मला घरात ठेवून घेतलं. मायने भाकरीवर आणलं. फरहीनने स्वतःचे बूट दिले, मयूरने तबकडी फेकायला शिकवली. अकोल्याच्या नीलिमाताई वकील यांचंही नाव इथेच घ्यायला हवं, पण त्यांनी मला मदत केली की त्रास दिला हे माझं अजून ठरत नाही, म्हणून त्यांचं पुढे सांगते.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. किनाऱ्यावर एका काकींचा होमस्टे आहे, तिथे मी स्वयंपाकात असते. घावणे, माशाचं कालवण, पाहुण्यांची उठबस. या हिवाळ्यात अमरावतीची एक टोळी आमच्याकडे उतरली. बायका आणि पुरुष एकत्र. ओहोटी लागली की ही मंडळी ओल्या वाळूवर जायची आणि प्लास्टिकची एक चपटी तबकडी एकमेकांकडे फेकत धावत सुटायची. वाऱ्याने ती भरकटली की आमच्या मागच्या अंगणात यायची आणि हातातलं काम टाकून मी ती परत फेकायची. असं दोन-तीनदा झाल्यावर एक उंच बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्याच कविताताई.

"तुझा हात चांगला आहे गं. पळता येतं?"

"कोणाच्या मागे?" मी विचारलं.

त्या हसतच सुटल्या. मग त्यांनी सांगितलं की त्या शाळेत पीटी शिकवतात, आणि या तबकडीच्या खेळाची त्यांच्या भागात लीग चालते. संघात बायका आणि पुरुष दोन्ही लागतात. मैदानावर निदान तीन बायका नसतील तर सामना खेळताच येत नाही, आणि त्यांच्याकडे होत्या नेमक्या तीन. त्यातल्या एकीचा पाय मोडला आणि आता सगळा संघच घरी बसायची पाळी. "आमाले एक पोरगी कमी पडते. फेब्रुवारीत येशील? माझ्या घरी राहायचं."

मी हो म्हटलं. कोल्हापूरच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते, अमरावती नक्की कुठे ते मला ठाऊक नव्हतं, पण मी हो म्हटलं. कारण कोणी काही म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. पाहुणा म्हणाला कालवण खारट, की मी म्हणते हो खारटच झालं, मग ते अळणी का असेना. हा माझा स्वभाव. सगळ्या प्रवासात बॅगेपेक्षा त्याचंच ओझं जास्त झालं.

आईने फोनवर एकच विचारलं, "पुरुषांबरोबर खेळतलंस?" कविताताईंनी फोन हातात घेतला. "मावशी, मी शाळेतली बाई आहे. तुमची मुलगी माझ्या खोलीत झोपेल, माझ्या ताटात जेवेल. काही झालं तर मला फोनवर शिव्या द्या." आईला शिव्या देण्याची परवानगी आवडली असावी. काकींनीही दोन रविवार पदरात घालून सुट्टी दिली.

अमरावती

गाड्या बदलत बडनेऱ्याला उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती हवा. आमच्याकडे हवा अंगाला चिकटते. इथली अंगाला लागतच नाही. ओठ फुटले, केस गवतासारखे झाले, आणि धुतलेला ड्रेस मी वळून बघेपर्यंत वाळला. आमच्याकडे तोच ड्रेस दोन दिवस दोरीवर बसून असतो.

कविताताई स्कूटरवर घ्यायला आल्या होत्या. घराच्या फाटकापर्यंत पोचायला वेळ लागला, कारण वाटेत जो भेटेल तो "जय भीम, ताई" म्हणून थांबायचा आणि मागे बसलेली ही कोण म्हणून विचारायचा. दारात माय उभी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच का तुही खेळाडू? हे पळन, का वाऱ्यानं उडून जाईन?"

"माय, आल्या आल्या नको चालू होऊ."

"म्या काय म्हटलं? जेवाले घाल म्हटलं तिले."

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी आणि वर कच्चं तेल. ताटात भात शोधत माझी नजर फिरत होती ते मायने ओळखलं. "भात मंग. पयले भाकर." मला भाकरी नीट मोडताही येईना. आम्ही भाताचे लोक, आणि त्यात नारळ नाही अशी भाजी मी तोवर खाल्लीच नव्हती. जवसाच्या चटणीने पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मायने विचारलं, "तिखट लागली का?" मी म्हटलं, "नाही नाही, छान आहे." तिने आणखी एक चमचा वाढला. माझा स्वभाव मला असा महागात पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान. मी वाळूवर वाढलेली, आणि इथे काळी माती, उन्हाने टणक, मधूनमधून बोट जाईल एवढ्या भेगा. संघाचं नाव भिंगरी. त्यात बँकेतले एक गृहस्थ होते, एक नर्स होती, कॉलेजची मुलं होती. माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती फरहीन. बीएस्सीला आहे, डोक्याला रुमाल बांधून वाऱ्यासारखी धावते आणि त्याहून भरभर बोलते. खेळ मला तिनेच समजावला, म्हणून तिच्याच पद्धतीने सांगते.

या खेळाचं नाव अल्टिमेट. दोन्हीकडे सात-सात जण, त्यात निदान तीन बायका आणि निदान तीन पुरुष. मैदानाच्या दोन टोकांना एकेक पट्टा आखलेला असतो. समोरच्या पट्ट्यात आपल्या माणसाने तबकडी झेलली की एक गुण. ज्याच्या हातात तबकडी त्याने धावायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं आणि दहा मोजून व्हायच्या आत दुसऱ्याकडे फेकायची. ती खाली पडली की समोरच्यांची. एकट्याने पुढे नेऊच शकत नाही, कितीही शूर असलात तरी. अंगाला हात लावायचा नाही, ढकलायचं नाही.

"आणि पंच कुठे उभा राहतो?" मी विचारलं.

"कोणचा पंच?"

"निर्णय देणारा."

"पंच नसतेच. तूच पंच, मी बी पंच. तो समोर ढेरी घेऊन उभा आहे नं, तो बी पंच."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण खरंच तसं होतं. कोणाला धक्का लागला की त्याने स्वतःच ओरडायचं, फाउल. खेळ तिथेच थांबतो. ज्याच्यावर आळ आला त्याने आपल्याला काय दिसलं ते आठवायचं आणि म्हणायचं, मान्य, किंवा मान्य नाही. मान्य असेल तर दंड. मान्य नसेल तर तबकडी मागे जाते, ज्याने फेकली होती त्याच्याकडे, आणि तो डाव पुन्हा. शिव्या नाहीत, कॉलर धरणं नाही. सामना संपला की दोन्ही संघ एकाआड एक गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात आणि एकमेकांचं काय आवडलं, काय खटकलं ते तोंडावर सांगतात. नंतर प्रत्येक संघ समोरच्याच्या वागण्याला गुण देतो. त्या गुणांचं बक्षीस वेगळं, आणि कविताताईंना तेच जास्त हवं असतं.

हे ऐकून मी घाबरले. धावण्याची भीती नव्हती. मोठ्याने बोलायची होती, आणि तीही शिकलेल्या माणसांसमोर.

रविवारचा सामना

पहिला सामना परतवाड्याच्या संघाशी. आदल्या संध्याकाळी फरहीनने गिला वडा खायला नेलं होतं. दह्यात भिजलेला, वर हिरवी चटणी, आणि ती म्हणाली, "खाय, उद्या पळायचं आहे." तो सकाळपर्यंत माझ्याबरोबर होता. काही मुलं मैदानाच्या रेघा पांढऱ्या फक्कीने आखत होती. शेजारच्या घरांतली माणसं चहा घेऊन गच्चीत आली होती. एक आजोबा ओरडून विचारत होते की बाया आणि माणसं एका टीममध्ये कशी, मग हरलं कोण म्हणायचं.

मी धावले, चांगली धावले. मला राखायला, म्हणजे सतत माझ्या मागे राहून अडवायला, परतवाड्याच्या एक थोराड बाई होत्या. मी तबकडी धरली की त्यांचा हात माझ्या मनगटावर यायचा, आणि त्याच म्हणायच्या, "फाउल!" सगळे माझ्याकडे बघायचे. आणि मी म्हणायची, "हो, मान्य. माझंच चुकलं."

एकदा नाही, जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा. आम्ही हरलो.

मयूर तरातरा माझ्याकडे आला. हा अंजनगाव सुर्जीचा, घरचा पानाचा व्यापार, आमच्यातला सगळ्यात लांब फेकणारा.

"तिचा हात तुह्या हाताले लागला, का तुहा हात तिच्या हाताले?"

"त्यांचा मला."

"मंग मान्य काहून म्हटलं बे?"

"पोरीले बे म्हणू नको," फरहीन मधे पडली.

"मंग मान्य काहून म्हटलं वं?"

"भांडण नको म्हणून," मी म्हटलं.

मयूरने डोक्याला हात लावला.

पण खरी फजिती पुढे होती. गोल उभा राहिला. फरहीनने मला मुद्दाम दोन बायकांच्या मधे उभं केलं होतं, अनोळखी पुरुषाचा हात खांद्यावर नको म्हणून. मी मनात तिचे आभार मानत होते तेवढ्यात परतवाड्याच्या त्याच बाई बोलायला लागल्या.

"भिंगरी टीम चांगली खेळली. पण तुमची ती नवीन पोरगी आहे नं, तिच्यासंगं खेळताच येत नाई. मी म्हटलं फाउल, ते म्हणते मान्य. मी चुकली असन तरी मान्य. मले कसं समजावं बापा, माहं खरं होतं का खोटं? मी तं आज गुन्हेगारासारखी उभी हाव."

सगळे हसले. मी नाही हसले. त्या संघाने आम्हाला वागण्याचे गुण कमी दिले, आणि कारण सांगितलं ते हेच. आयुष्यभर ज्याला चांगुलपणा समजून चालले होते त्याचे मार्क कापले गेले.

त्या दुपारी सामान भरताना मयूर नर्सताईंना म्हणत होता ते माझ्या कानावर आलं. "अकोल्याले तिले नुसती उभी ठेवू. गिनतीले तीन बाया झाल्या म्हणजे झालं. तबकडी नाई टाकायची तिच्याकडं."

मी बाटल्या गोळा करत राहिले. गिनतीपुरती उभी राहायला एवढ्या लांब आले होते का? तर हो, म्हटलं तर तेवढ्याचसाठी आले होते. तरी रात्री जेवण गेलं नाही, आणि मायने कारण न विचारता ताटात भात आधी वाढला.

अंजनगाव सुर्जी

मधल्या एका दिवशी कविताताईंची कसलीशी शाळेची बैठक अंजनगावला होती. त्या मला बरोबर घेऊन गेल्या आणि मयूरच्या घरी सोडून गेल्या. मला वाटतं ते त्यांनी मुद्दाम केलं. त्या बोलत कमी, माणसांना एकमेकांसमोर ठेवून निघून जातात.

वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा, कुठे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, लांबवर सातपुडा निळसर. आमच्याकडे डोंगर पाठीशीच असतो, दिसायला मान वर करावी लागते. इथे नजर जाते तिथवर जाते, मधे काही येत नाही. सुरुवातीला मला त्या मोकळेपणाचीही भीती वाटायची.

मयूरच्या पानमळ्यात शिरल्यावर मात्र जीव भांड्यात पडला. गार, ओलसर, हिरवा उजेड. जवळजवळ घरी आल्यासारखं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे पानवेल पोफळीवर चढते. तो म्हणाला, "इथं शेवरीवर. पोफळ कुठून आणू तुह्यासाठी?" त्याच्या आईने शेतात हरभऱ्याचा हुळा भाजला होता. काळे झालेले घाटे चोळून खाताना सगळ्यांची तोंडं काळी झाली.

मग मळ्याबाहेरच्या रिकाम्या वावरात त्याने मला तबकडी बाजूने फेकायला शिकवलं. अंगठा वर, दोन बोटं आत, आणि सगळा खेळ मनगटाचा. सुरुवातीला ती शेजारच्या तुरीत गेली, मग म्हशीच्या अंगावर. म्हैस मान वळवून बघत राहिली.

"म्या त्या दिवशी बोललो ते तू ऐकलं नं?" त्याने मधेच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"हे पाय. पुन्हा तेच. ऐकलं नं?"

"ऐकलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला आणि तबकडी फेकली. माफी वगैरे काही मागितली नाही. वऱ्हाडात बोलणं असं धाडकन येतं आणि धाडकन संपतं. आमच्याकडे अशा बोलण्यावर दोन घरं वर्षभर एकमेकांकडे जात नाहीत.

पातूर

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे अकोल्याला गेलो. सामान जठारपेठेत एका ओळखीच्यांकडे टाकलं आणि कविताताई म्हणाल्या, पातूरची लेणी बघून येऊ. फरहीन कुरकुरली, तिला दुकानं बघायची होती. तरी गाडीत पहिली खिडकी तिनेच धरली.

पातूर गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि लेणी गावाला लागूनच, खडकात कोरलेली. चित्रं नाहीत, नक्षीही फारशी नाही. नुसते खांब, ओसरी आणि आत अंधार. कविताताई आत जाऊन जमिनीवर बसल्या, डोळे मिटून. मी दाराशी उभी राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मातीच्या माठासारखा गारवा.

थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बसवलं. त्या घरात वऱ्हाडी बोलतात, पण महत्त्वाचं सांगायचं असलं की शाळेतल्यासारखं बोलतात.

"एक सांग. परवा त्या बाईंचा हात तुझ्या मनगटाला लागला, हे तुला दिसलं होतं?"

"हो."

"मग तू मान्य म्हणालीस, तेव्हा खरं बोललीस की खोटं?"

मला हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"भांडखोर हो असं मी म्हणत नाही. तुझा धक्का लागला असेल तर मान्यच म्हण. पण या खेळात पंच नाही, म्हणजे तुझे डोळे हेच पंचाचे डोळे. तू ते मिटलेस तर बाकीचे तेरा जण आंधळे खेळतात." मग त्या उठल्या. "म्हण आता. मान्य नाही."

"इथे?"

"इथेच."

"मान्य नाही," मी पुटपुटले.

"हे मलाच ऐकू नाही आलं, उद्या अकोल्याच्या संघातल्या वकिलीणबाईंना काय येणार?"

मी पुन्हा म्हटलं. फरहीन बाहेरून ओरडली, "कोकण, जोरात!" मला सगळे कोकणच म्हणायचे. मी जीव एकवटून ओरडले, "मान्य नाही!" आवाज त्या खडकात फिरून दुप्पट होऊन परत आला. आणि बाहेरून राखणदार काठी घेऊन धावत आला.

"काय झालं बाई? कोण काय म्हणते तुमाले?"

"कोणी नाही काका, प्रॅक्टिस चालू आहे," कविताताई म्हणाल्या.

"कायची?"

"नाही म्हणायची."

त्याने आमच्याकडे नीट बघितलं. "त्याले एवढ्या दूर कायले यावं लागते?" असं म्हणत तो परत सावलीत जाऊन बसला.

अकोला

अकोल्याच्या संघाचं नाव फुफाटा. त्यांच्या कर्णधार नीलिमाताई. जठारपेठेतलं वकिलांचं घर, वडील वकील, त्या स्वतः वकील. चाळिशीच्या असतील, केस आवळून बांधलेले, डोळ्यांवर दोरी लावलेला चष्मा. मला राखायला त्याच आल्या. तबकडी माझ्या जवळपास नसतानाही त्यांची नजर माझ्यावरून हलेना.

मैदानाभोवती बरीच माणसं होती. लहान मुलं, भेळवाला, सामना बघायला आलेले खेळाडूंचे आईवडील. मयूरने सुरुवातीला मला दोनच छोट्या फेका दिल्या, भीत भीत, मी दोन्ही धरल्या. एकदा नीलिमाताईंनी फाउल म्हटलं आणि माझा कोपर खरंच लागला होता, मी मान्य म्हटलं. तेव्हा कविताताईंनी लांबून मान हलवली. बरोबर, असं.

सामना बरोबरीत आला. वेळ संपत आली होती, पुढचा गुण जो घेईल तो जिंकणार. वारा सुटला होता आणि मैदानावरून फक्की उडत होती. तबकडी मयूरकडे. मी कोपऱ्याच्या दिशेने पळत सुटले, मागे नीलिमाताईंच्या बुटांचा आवाज. मागे वळून बघितलं तर तबकडी येतच होती, लांब, उंच, माझ्याकडे. मी उडी मारली, दोन्ही हातांनी धरली, आणि खाली आले. खाली बघितलं तर माझा पाय आणि पांढरी रेघ यांच्यात वीतभर काळी माती होती. मला ती स्पष्ट दिसली. भिंगरीवाले ओरडत धावत आले. गुण!

"बाहेर," नीलिमाताई म्हणाल्या. "तुझा पाय रेघेवर होता."

ओरडा थांबला. कोणी मधे पडलं नाही, मयूर नाही, कविताताईही नाहीत. इतर सगळे लांब होते, जवळून बघणाऱ्या आम्ही दोघीच. हा खेळ अशा वेळी फार निर्दय वाटतो. सगळे उभे राहतात आणि वाट बघतात.

त्यांचा आवाज शांत होता. कोर्टात बोलायची सवय असलेल्या, शिकलेल्या, माझ्या दुप्पट वयाच्या बाई. त्या खोटं बोलत नव्हत्या, तेही मला दिसत होतं. त्यांना त्यांच्या बाजूने तसंच दिसलं होतं. माझ्या तोंडात हो आलं होतं. ते अगदी ओठांपर्यंत आलं.

"मान्य नाही," मी म्हटलं.

आवाज लेण्यातल्यासारखा नव्हता. पण ऐकू गेला.

"नक्की?" त्यांनी विचारलं. "काय दिसलं तुला?"

"पाय आत होता. पायाच्या आणि रेघेच्या मधे माती होती. मला माती दिसली."

"मला माझ्या बाजूने रेघेवर दिसला."

"तुमच्या बाजूने दिसला असेल. माझ्या बाजूने आत होता."

त्यांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. "ठीक आहे. मागे."

बस, एवढंच. कोणी कोणावर रागावलं नाही. आमच्या गावात दोन माणसांना दोन गोष्टी दिसल्या की त्यातल्या लहानाने गप्प बसायचं असतं, आणि बहुतेक वेळा ती लहान मीच असते. इथे तबकडी एक पाऊल मागे जाते आणि डाव पुन्हा सुरू होतो. इतकी साधी सोय. ती मला त्या क्षणी जगातली सगळ्यात मोठी सोय वाटली.

तबकडी परत मयूरकडे गेली. समोरचा मोठ्याने मोजू लागला, एक, दोन, तीन. मी पुन्हा धावले. नीलिमाताई या वेळी माझ्या पुढे होत्या. मयूरने फेकली. वाऱ्याने ती थोडी वर उचलली, मी हात ताणला, बोटांची टोकं लागली आणि तबकडी मातीत पडली. अकोल्याने ती उचलली, चार फेकांत मैदान पार केलं, आणि आमच्या पट्ट्यात त्यांच्या एका मुलीने ती अलगद झेलली. संपलं. आम्ही हरलो.

मी गुडघ्यांवर हात टेकून उभी होते. मयूर आला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पहिल्या सामन्यात मान्य म्हणून हरलो आणि आता मान्य नाही म्हणूनही हरलो, मग काय मिळवलं, असं काहीसं.

"दुसऱ्यांदा बी तुह्याकडंच टाकली," तो म्हणाला. "पायलं नं?"

"पायलं," मी म्हटलं. माझ्या तोंडून वऱ्हाडीच आलं.

"मंग झालं."

गोल झाला तेव्हा या वेळी मला कोणी निवडून उभं केलं नाही. एका बाजूला बँकेतले गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला नीलिमाताई, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. त्या बोलल्या, आमच्या संघाबद्दल बरंच चांगलं बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आणि या मुलीचा पाय रेघेवरच होता."

"आत होता," मी म्हटलं.

गोल हसून हलला. खांद्यावरचे हात असल्यामुळे सगळे एकत्रच हलले.

मैदानाच्या कडेला अकोलेकरांनी रोडगे लावले होते. गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, आणि बरोबर झणझणीत वांग्याची भाजी. कोण जिंकलं कोण हरलं ते कळू नये असे सगळे पंगतीत मिसळून बसले. नीलिमाताई वाढायला फिरत होत्या. माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "कोर्टात असतीस तर उलटतपासणीत तुला घाम फोडला असता."

"आणि मग?"

"मग काय, भाजी घे. तिखट आहे का?"

"हो," मी म्हटलं. "फार तिखट आहे."

त्यांनी भाजीऐवजी तूप वाढलं. म्हणून म्हणते, त्यांनी मदत केली की त्रास दिला ते मला अजून ठरवता येत नाही.

लीगचा शेवटचा दिवस म्हणून सगळे संघ जमले होते, पण वागण्याचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही, ते परतवाड्याला गेलं. त्यांच्या त्या थोराड बाई ते घेताना एवढ्या लाजल्या की कविताताईंनीच पुढे होऊन टाळ्या सुरू केल्या.

परतीच्या दिवशी मायने जवसाची चटणी बांधून दिली. "तिखट लागली तं सांगजो, कमी करून पाठवीन," ती म्हणाली. मी सांगितलं की तिखट आहे पण कमी करू नका. कविताताई बडनेऱ्यापर्यंत आल्या. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीच्या गजांवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि मी दहा वेळा आभार मानले तेव्हा एकदा म्हणाल्या, "बस कर वं."

म्हणून तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. ताई, तुम्ही एका अनोळखी मुलीला बोलावलंत, ती पहिल्याच सामन्यात तुमचे गुण घालवून बसली, तरी तिला नुसती उभी ठेवली नाहीत. हे मला फेडायचं आहे, आणि आभार मानून ते फिटणार नाही. काकींकडे भांडी घासायला येतात त्या दोन मुली आता ओहोटीला माझ्याबरोबर वाळूवर येतात. अजून तबकडी समुद्रात जास्त जाते. पण कधीतरी तुमच्या संघाला पुन्हा बायका कमी पडतील, तेव्हा हाक मारा. मी येईन ताई, आणि येताना त्या दोघींना घेऊन येईन.